लाल टाकीतलं पाणी

मित्रांनो, सभागृहात कीर्तनाला बसलात की तुम्ही बुवांकडे पाहता. छताकडे कोणी पाहत नाही. पाहिलं असतं, तर माझ्यासारखा एखादा दिसला असता: पितळेचा, अंगठ्याएवढा, पोटात लाल काचेची नळी. मी छतातला एक जुना पाण्याचा फवारा आहे. जाणती माणसं मला स्प्रिंकलर म्हणतात.

कारखान्यात माझ्या पोटात काच बसवली तेव्हाच माझं आयुष्य ठरलं. खोलीत आग लागून उष्णता अडुसष्ट अंशांवर गेली की काच फुटायची, वाट मोकळी व्हायची आणि पाणी सुटायचं. तेही आयुष्यात एकदाच. तोवर गप्प राहायचं. धुळ्याचं ऊन पंचेचाळीसला टेकलं तरी मी हललो नाही.

धुळ्यातल्या एका संस्थेच्या सभागृहालगत, गाद्या ठेवायच्या खोलीत, मी नऊ वर्षं टांगलेला होतो. त्या इमारतीची राखण झुलाल आबांकडे होती. साठी उलटलेला सरळ माणूस. सप्ताह बसला की टाळ घेऊन पहिल्या रांगेत उभा. गच्चीवर दोन टाक्या होत्या, काळी वापरायची आणि लाल आगीसाठी राखलेली. लाल टाकीच्या तळाशी, ती धुण्यापुरती, एक तोटी होती. तिला कुलूप, आणि किल्ली आबांच्या कमरेच्या करगोट्याला.

वर्षातून दोनदा जळगावहून दीपक नावाचा तपासनीस यायचा. शिडी लावून मला फडक्यानं पुसायचा. माझ्या वाट्याला आलेलं कौतुक ते एवढंच. एरवी मंडपवाले आम्हा फवाऱ्यांच्या मानेला झेंडूच्या माळा बांधून जायचे. जानेवारीत दीपक म्हणाला, "आबा, पंप, घंटा, फवारे सगळं नियमात आहे. पण लाल टाकीत पाणी नसेल तर हे नुसतं लोखंड."

"म्हणजे टाळकरी उभे, आन् बुवाच नाही!" आबा हसले.

"अगदी तसंच समजा."

मग मे महिना आला आणि सप्ताह बसला. मागच्या गल्लीत आठ-आठ दिवस नळाला पाणी नव्हतं. पहिल्या संध्याकाळी बुवांनी कथा लावली. दारात तहानेला उभा राहतो तो देवच असतो, त्याला माघारी धाडू नये. आबांचे डोळे वाहत होते. सगळ्या सभागृहाचे वाहत होते. खोटं कशाला बोलू, माझ्या पाइपातलं पाणीसुद्धा हललं असेल.

दुसऱ्या सकाळी मंजुळाबाई हंडा घेऊन आल्या. त्या गल्लीतल्याच. सप्ताहाची वरण-बट्टी त्यांच्या हातची असायची.

"आबा, नातूले पाजाले घोटभर पानी नही घरमा. आन् तुमना डोकावर बठ्ठी टाकी भरेल शे!"

"ती आगनी शे अक्का. तिले हात लावता येत नही."

"आग कोठे लागनी? तहान मातर लागनी शे!" मंजुळाबाई तोंडाला पदर लावून हसल्या. "काल रडत होते ना कीर्तनमा? आज काय झाये?"

आबांचा हात करगोट्याकडे गेला. एकच हंडा, असं ठरवून त्यांनी तोटी सोडली. मंजुळाबाईंच्या मागे सून कोकिळा आली, कोकिळाच्या मागे गल्ली. चौथ्या दिवशी टाकी तळाला लागली. सप्ताह उरकला की टँकर बोलावून भरू, असं आबांनी मनाशी योजलं होतं. त्यात लबाडी नव्हती, मित्रांनो. त्या दिवसांत त्यांच्याइतका सुखी माणूस धुळ्यात नसेल.

टाकीतलं पाणी घटल्याबरोबर जिन्याखालची सूचनेची पेटी टीं-टीं ओरडू लागली. नेमका अभंग रंगला होता. लोक मागे वळून पाहू लागले. आबा लगबगीनं गेले आणि पेटीचं बटण बंद करून आले. त्याच बटणावर आगीची घंटाही होती.

सहाव्या दिवशी दुपारी तीनला पंगती उठल्या. मंजुळाबाई चुलीसमोर भाजून निघाल्या होत्या. गाद्यांच्या खोलीत येऊन त्यांनी कूलर लावला, दार लोटलं आणि आडव्या झाल्या. मी वरून पाहत होतो. त्यांना लगेच झोप लागली. थोड्या वेळानं कूलरच्या वायरीतून ठिणगी उडाली. कापूस आधी धुमसला. धूर छताशी साचला, मग खाली उतरू लागला. घंटा वाजायला हवी होती. वाजली नाही.

मग ज्वाळा उठल्या आणि माझी काच फुटली.

ज्या क्षणासाठी मी जन्मलो होतो तो आला होता. माझ्या तोंडातून पाइपात उरलेलं तांब्या-दोन तांबे काळं, गंजकं पाणी पडलं. पुढे नुसती हवा. पंप कोरडाच घरघरत राहिला.

दाराखालून धूर येताना पाहून आबांनी दार ढकललं. त्यांनी गाद्यांकडे पाहिलं, मग मान वर करून माझ्याकडे. नऊ वर्षांत पहिल्यांदा. धुरानं त्यांना आत पाऊल टाकू दिलं नाही. हात भाजून ते मागे कोसळले आणि ओरडले, "पानी! पानी आणा रे!"

आणि पाणी आलं, मित्रांनो. गल्लीतल्या बाया डोक्यावर हंडे घेऊन धावत आल्या. सगळ्यात पुढे कोकिळा होती, सासूच्याच हंड्यासह. त्यात आमच्याच टाकीतलं पाणी होतं. ते माझ्यापासून चाळीस पावलांवर, घराघरांत झाकून ठेवलेलं होतं. आग विझली. मंजुळाबाई धुरानं आधीच गेल्या होत्या.

चौकशी झाली. आबांनी सगळं आपल्या तोंडानं सांगितलं. दिवसकार्य आटोपल्यावर बुवा भेटायला आले, तेव्हा आबांनी पट्टी बांधलेले हात जोडून विचारलं, "महाराज, तहानेल्याला पाणी दिलं, ते पाप झालं का?"

बुवांनी ते जोडलेले हात अलगद खाली घेतले. मग म्हणाले, "पाणी देणं पाप नाही, आबा. पण ते पाणी आगीत सापडणाऱ्याचं होतं, आणि त्यानं अजून हाक मारली नव्हती. आपण ते दुसऱ्याला देऊन बसलो. ती कथा मीच सांगितली. अर्धीच सांगितली."

छतात आता नवा फवारा आहे. मी, फुटलेला, गच्चीच्या दाराशी खिळ्याला लोंबतो. आबांनीच अडकवलं. संस्थेनं त्यांना कामावरून काढलं, तरी ते रोज सकाळी चार मजले चढून येतात, लाल टाकीत काठी बुडवतात आणि ओली खूण पाहतात.

परवा मंजुळाबाईंचं वर्षश्राद्ध झालं. कोकिळा धापा टाकत गच्चीवर आली. डोक्यावर तोच हंडा.

"आबा, हाऊ सासूना हंडा शे. पानी परत करस मी."

तिनं तो टाकीत ओतला. आबांनी काठी बुडवली, बाहेर काढली, उन्हात धरून पाहिली. खूण होती तिथंच होती. एका हंड्यानं काय वाढणार?

मित्रांनो, एवढं मागतो. जिथं बसाल तिथं एकदा मान वर करा. छतात माझा भाऊबंद दिसला, तर कुणाला तरी विचारा, "याच्यामागे पाणी आहे का?" हसले तरी विचारा. उत्तर मिळेपर्यंत दाराजवळ बसा.