याकूबभाईंच्या घोड्याचे खूर

संग्राहक नावाच्या माणसाचा मला वीट आला आहे. मी स्वतः संग्राहक आहे, तेव्हा हे बाहेरून बोलत नाही. सकाळी मोबाइल उघडावा तर आमच्या गटावर कुणीतरी आपल्या भिंतीवरच्या चित्राचा फोटो टाकलेला असतो, वर 'काय ती रेषा!' असं लिहिलेलं असतं आणि त्याखाली सगळ्यांचे हात जोडलेले. रेषा कुणी बघितलेली नसते. शेजाऱ्याकडे नाही ते आपल्याकडे आहे, एवढंच काय ते बघितलेलं असतं.

मी मानसिंग. फौजेतून सुभेदार म्हणून बाहेर पडलो, आता साताऱ्यात असतो. आमच्या लहानपणी 'रानशिलेदार' नावाच्या चित्रकथा निघायच्या. सांगलीत छापायच्या आणि आमच्या गावच्या बाजारात गुळाच्या ढेपांशेजारी विकायला असायच्या. चित्रं काढायचे सांगलीचेच याकूबभाई. दिवसा दुकानांच्या पाट्या रंगवायच्या आणि उरलेल्या वेळात रानशिलेदाराला घोड्यावर बसवून दरोडेखोरांच्या मागं सोडायचं, हा त्यांचा धंदा. ती पुस्तकं रद्दीत अजून सापडतात. पण ज्या कागदावर त्यांनी शाईनं, हातानं चित्र काढलं, ते मूळ पान म्हणजे आम्हा लोकांचा जीव की प्राण. ही सगळी मूळ पानं याकूबभाईंच्या घरी एका ट्रंकेत होती आणि २०१९ च्या महापुरात कृष्णेनं त्यांचा लगदा केला. हे ऐकलं तेव्हा मी घरातलं कुणी गेल्यासारखं सुतक पाळलं होतं.

मग पाचगणीच्या वीरधवलनं आम्हाला गाठलं. पर्यटकांना चित्रं विकायचं त्याचं चकचकीत दुकान आहे. बोलणं इतकं गोड, की शेजारच्या दुकानातल्या स्ट्रॉबेरीच्या जॅमनं लाजावं. 'याकूबभाईंच्या घरची, महापुरातून वाचलेली थोडी पानं हाती आलीत,' म्हणाला. पानं तपकिरी पडलेली, पाण्याचे डाग उमटलेले. काचेखाली चित्राभोवती जाड पुठ्ठ्याची चौकट, आम्ही त्याला माउंट म्हणतो, तीही झकास. आम्ही उड्या टाकल्या. एक पान मी घेतलं, एक मलकापूरच्या हंबीररावांनी, बाकीची इतरांनी. याकूबभाईंना भेटून यावं म्हटलं तर वीरधवल म्हणायचा, "म्हातारबाबांना आता माणसं ओळखू येत नाहीत. कशाला त्रास द्यायचा?" आणि आम्हालाही ते सोयीचंच होतं. चित्र हवं असतं, चित्रकार कुणाला हवा असतो?

हंबीरराव म्हणजे उसाचे मोठे बागायतदार, मनानं उमदे, आवाजानं त्याहून उमदे. कलेतल्या प्रामाणिकपणावर त्यांचं भाषण गटावर आठवड्याला एकदा ठरलेलं. त्यांच्याच मनात आलं, की सांगलीत याकूबभाईंचा सत्कार करायचा आणि आपापली पानं तिथं मांडायची. वीरधवलनं चार कारणं सांगून बघितली, पण हंबीररावांना एकदा सत्काराचं वेड लागलं की ते गावातल्या म्हशीचाही करतील.

सभागृह भरलं. मंचामागच्या फलकावर हंबीररावांच्या मालकीचं पान मोठं करून छापलेलं, रानशिलेदाराचा घोडा ओढा ओलांडून उडी घेतो ते. याकूबभाई आले ते मुलीचा, मदिहाचा, हात धरून. मोतीबिंदूमुळं त्यांना लांबचं दिसत नव्हतं, पण माणसं चांगली ओळखू येत होती. मदिहा पाचगणीतल्या एका निवासी शाळेत चित्रकला शिकवते. आत पाऊल टाकलं आणि भिंतीवरची पानं बघून ती जागच्या जागी थांबली. मला वाटलं, बापाचं कौतुक बघून पोरीला भरून आलं.

याकूबभाईंनी प्रत्येक पानाशी नाक लावून बघितलं. मग माइकसमोर उभे राहिले.

"ही माझी न्हाईत," ते म्हणाले.

सभागृह हसलं.

"आवं, खरंच न्हाईत. ह्या घोड्यास्नी खूर हायती. मला कवा घोड्याचे पाय जमले? जमत न्हाईत म्हणून तर मी समदी घोडी धुळीतनं पळवली. न्हाईतर गवतातनं. ज्यानं हे काढलंय, त्याचा हात माझ्यापेक्षा लय चांगला हाय."

आणि टाळ्या! काय टाळ्या! लोक उठून उभे राहिले. "केवढा हा मोठेपणा!" माझ्या शेजारचे गृहस्थ म्हणाले. हंबीरराव डोळे पुसत होते. वीरधवलनं अलगद माइक घेतला आणि म्हणाला, "खरा कलावंत असा असतो बघा. स्वतःची कलासुद्धा स्वतःची म्हणत नाही." लगेच शाल आली, श्रीफळ आलं. म्हातारा "आवं, ऐका तर, कुणी काढली ते सांगतो" म्हणत होता आणि त्याच्या गळ्यात हार पडत होते. आपल्याकडं सत्काराला उभा केलेला माणूस जे बोलेल तो त्याचा विनय. त्यानं मी खून केलाय म्हटलं असतं, तरी आम्ही टाळ्या वाजवल्या असत्या.

मी मात्र टाळी वाजवता वाजवता थांबलो. रानशिलेदाराची पुस्तकं मला पाठ आहेत. डोळे मिटून मी एकेक घोडा आठवला. धूळ, धूळ, गवत, धुकं, नदीचं पाणी. एकाही घोड्याला खूर नव्हता. ओढ्यावरची उडीसुद्धा मूळ पुस्तकात धुळीच्या लोटातच होती. आम्ही सगळे याकूबभाईंचे भक्त म्हणवणारे, आणि एकाच्याही ध्यानात आलं नव्हतं.

बाहेर चहाच्या टेबलापाशी मदिहा कप हातात घेऊन नुसती उभी होती. मी विचारलं.

"ती पानं माझी आहेत, काका," ती म्हणाली. "पुरात अब्बांची ट्रंक गेली, तेव्हापासून त्यांनी ब्रश धरला नाही. म्हणून मी छापील पुस्तकं समोर ठेवून एकेक पान पुन्हा काढलं. खूर तेवढे माझे. लहानपणापासून मला त्या धुळीचा राग यायचा. अब्बा ते बघून हसले, तेव्हा वाटलं, चार लोकांनीही बघावीत. नक्कल म्हणूनच वीरधवलकडं विकायला दिली होती. प्रत्येक पानावर खाली उजव्या कोपऱ्यात, घोड्याच्या खुराला लागून माझं नाव आहे."

"आम्हाला तर दिसलं नाही."

"माउंट उचलून बघा."

घरी येऊन मी ब्लेडनं माउंट सोडवलं. खुराच्या खाली, अगदी चिकटून, बारीक अक्षरात 'मदिहा'. कागद नाकाशी धरला तर चहाचा वास आला. महापुराचे डाग म्हणे! या वीरधवलनं कागदाला चहा पाजला होता. ज्या पुरात लोकांची घरं गेली, जनावरं दावणीला मेली, त्या पुराचा यानं रंग केला होता. मला इतकी शिसारी आली की उठून हात धुऊन आलो.

दुसऱ्या दिवशी पाचगणीला गेलो. वीरधवल जराही दचकला नाही.

"मी कधी म्हटलं याकूबभाईंनी काढलीत म्हणून?" तो म्हणाला. "याकूबभाईंच्या घरची पानं आहेत, असं म्हटलं. आहेतच की."

"आणि पुराचे डाग?"

"तुम्हाला डाग आवडले. मी दिले."

"पोरीचं नाव झाकलंस ते?"

"झाकलंच ना? कापलं तर नाही? कापलं असतं तर ती लबाडी झाली असती, सुभेदार. झाकणं म्हणजे सजावट." त्यानं माझ्यापुढं जॅमची बाटली सरकवली. "घ्या, घरी न्या. तुम्ही खूश, ते खूश, म्हातारा शाल पांघरून खूश. कशाला वारूळ उकरता? ओरडलात तर लोक एवढंच म्हणतील, की बापाच्या नावावर लेकीनं नकली माल खपवला."

बाटली तिथंच ठेवून मी खाली उतरलो आणि सगळा प्रकार गटावर लिहिला. आणि झालं त्याच्या म्हणण्याप्रमाणंच. 'बापलेकीनं मिळून आपल्याला चुना लावला,' असं पहिल्यांदा कुणी लिहिलं ते आठवत नाही, पण पाठोपाठ सगळ्यांनी तेच लिहिलं. म्हाताऱ्यानं भर सभेत खरं सांगितलं होतं, हे कुणाला आठवलं नाही. मी माझ्या पानाचा फोटो टाकला, तर वीरधवलनं लिहिलं, 'नाव आता सुभेदारांच्या घरी बसून लिहिलं असेल.' ते सगळं कुणीतरी मदिहाच्या शाळेत पोचवलं. शाळेनं तिला बोलावून सांगितलं, की खुलासा करा, नाहीतर पुढच्या वर्षी येऊ नका.

तिला वाचवायला एकच गोष्ट पुरेशी होती. दुसऱ्या कुणीतरी आपलं माउंट उचलायचं आणि तिथं तिचं नाव आहे, एवढं सांगायचं. फसवणारा माणूस आपलंच नाव लिहून ठेवतो का? दोन मिनिटांचं काम. मी एकेकाला फोन केले. एक म्हणाला, फ्रेमवाला गावाला गेलाय. एक म्हणाला, बायकोला धूळ चालत नाही. एकानं तर स्वच्छ सांगितलं, "उचललं आणि नाव निघालं, तर माझ्याकडं राहिलं काय?" निदान खरं तरी बोलला.

शेवटी हंबीरराव उभे राहिले. गटावर लिहिलं, 'मी माझं पान उघडणार. नाव निघालं तर वीरधवलला मलकापूरच्या चौकात उभा करीन. कलेत खोटं चालणार नाही.' वाचून मला या माणसाचा अभिमान वाटला. मदिहाला मी तसा फोन केला. ती पहिल्यांदाच मोकळं हसली.

रविवारी मदिहा आणि मी मलकापूरला गेलो. हंबीररावांच्या पत्नी शालूबाईंनी दारातच स्वागत केलं, पोहे पुढं ठेवले. हंबीरराव आतून पान घेऊन आले. फ्रेममधून आधीच काढलेलं.

"म्हटलं, तुमी यायच्या आत उघडून ठिवावं," ते म्हणाले. "बघा बाबा. नाव न्हाई. मी भिंग लावून बघितलं. काय बी न्हाई."

नाव नव्हतंच. कारण खालचा उजवा कोपराच नव्हता.

"कोपरा कुठाय?" मी विचारलं.

"तसाच आलाय गड्या. उंदरानं खाल्ला आसंल. म्हापुराचं पान, त्येला काय..."

मी पान उचललं. चहानं सगळा कागद तपकिरी झाला होता, तिन्ही कोपरे तपकिरी, कडासुद्धा तपकिरी. आणि या एका तिरक्या कडेवर कागद आतून पांढराशुभ्र दिसत होता. कालपरवाच कापलेला. उंदीर कात्री लावून खातो हे मला आजवर माहीत नव्हतं.

वीरधवलचा राग येतो, पण तो व्यापारी, त्यानं नुसतं झाकलं होतं. हा माणूस रसिक. यानं आपल्या हातानं उघडलं, नाव वाचलं, ते खरं आहे हे त्याला कळलं, आणि मग तो कात्री शोधायला उठला. मी पोह्यांची बशी दूर सारली.

"हंबीरराव," मी म्हटलं, "लाज वाटत न्हाई? या पोरीची नोकरी जायला लागलीय."

"मी काय केलं?" ते ओरडले. "माझ्या मालकीचं पान हाय. त्येचं काय करायचं ते मी बघीन!" शालूबाई दारात उभ्या होत्या, त्या आत निघून गेल्या.

मदिहानं पान माझ्या हातून घेतलं, टेबलावर सरळ ठेवलं आणि मोबाइल काढून त्या पांढऱ्या कडेचा फोटो घेतला. मग सत्काराच्या फलकाचा जुना फोटो उघडून दोन्ही शेजारी धरून बघितले. फलकावरचं चित्र पुरं होतं.

"आता शाळेत काय सांगणार?" मी विचारलं.

"हेच दोन फोटो दाखवीन. काही नव्हतंच, तर कापलं काय, एवढंच विचारीन." ती हंबीररावांकडं वळली. आवाज चढला नव्हता. "पण काका, कात्री तरी सरळ धरायची हो. घोड्याचा खूर गेला."

हंबीररावांनी खिशातून चष्मा काढून लावला, मान वाकवली आणि वर्षभर भिंतीवर मिरवलेल्या त्या घोड्याकडं पहिल्यांदा नीट बघितलं.