न झाडलेलं यंत्र

ताईच्या गव्हात गवत माजलं, तेव्हा पहिली शिवी बसली ती औषधाला.

"भेसळ! दुसरं काय?" कापणीचं यंत्र चालवणारा ताईचा धाकटा भाऊ, हार्वेस्टरवाला, बांधावरूनच गरजला. "त्या दुकानदाराला मी चांगला ओळखतो. पाणी भरून विकतो मेला!"

भावोजी कपाळाला हात लावून उभे होते. "अरे, दोनदा फवारलं. दुसऱ्यांदा तर हात सैल सोडून घातलं. जरासं पिवळं पडलं आणि पुन्हा टवटवीत!"

हे गवत लहानपणी थेट गव्हासारखं दिसतं. ओंबी आली की मगच त्याचं बिंग फुटतं. गव्हाच्या वाट्याचं पाणी प्यायचं, त्याचं खत खायचं, वर त्याच्याच डोक्यावर चढून ऊन अडवायचं आणि काही केल्या जायचं नाही, म्हणून लोकांनी त्याचं नाव ठेवलं होतं 'घरजावई'. दुसऱ्याच्या शेतात होतं तोवर त्या नावाची गंमत वाटायची. ताईच्या शेतात आल्यावर कुणाला हसू येईना.

कारण ताईचं शेत हे बियाण्याचं शेत होतं. पेरणीआधी आसपासची माणसं तिच्या दारात येत आणि तिचा गहू डोळे झाकून पेरत. हा विश्वास तिनं कंबर मोडेपर्यंत वाकून, एकेक तण उपटून कमावला होता. आई गेल्यावर या धाकट्या भावाला तिनं वाढवलं तेही याच शेताच्या जिवावर. आता तेच शेत हातचं जातं की काय, असं झालं होतं.

शेवटी भावोजींनी कृषी शाळेतल्या बाईंना बोलावून आणलं. बाई भेटेल त्याला तणाबद्दल ऐकवत, म्हणून लोक त्यांना मागून 'तणबाई' म्हणत. बाईंना ते ठाऊक होतं आणि बहुधा आवडतही होतं. ताईच्या शेतातली काही रोपं त्यांनी आधीच मागवून घेतली होती. त्यातली एक कुंडी त्यांनी बांधावर ठेवली.

"दुकानदाराला उगाच शिव्या घालू नका," बाई म्हणाल्या. "त्याच्याकडचंच औषध शाळेच्या आवारातल्या गवतावर मारलं. जळून खाक झालं. मग तुमच्या या रोपांवर दुप्पट मारलं. बघा कशी डोलताहेत!"

"म्हणजे सवय झाली म्हणायची," भावोजी म्हणाले. "दारुड्याला दारूची होते तशी."

"सवय नाही हो. लाखांत एखादं रोप जन्मतःच असं असतं की ते औषध त्याला बाधत नाही. आपण फवारतो, बाकीची मरतात, हे उरतं. मग त्याला रान मोकळं! त्याच्या बियांतून तशीच पोरं उगवतात. आपण पुन्हा तोच गहू घेतो, पुन्हा तेच औषध मारतो. चांगलं बियाणं तुम्ही निवडून ठेवता ना? तसंच या गवताचंही बियाणं आपण दरवर्षी निवडतो. फवारा हातात घेऊन!"

ताई पुढे आली. "पण बाई, मी पिकं बदलते. औषधाआधी खुरपं हातात घेते. माझ्याकडे हे तयार होईल कसं?"

"इथं तयार झालेलंच नाही. आलंय." बाई फाटकाकडे चालू लागल्या. फाटकाजवळच्या कोपऱ्यात गवत रेटून उभं होतं, गहू दिसतही नव्हता. तिथून एक सरळ पट्टा आत गेला होता आणि पुढे पुढे विरळ झाला होता. "कापणीचं यंत्र इथूनच आत आलं होतं का?"

 हार्वेस्टरवाल्यानं पट्ट्याची रुंदी बघितली; ती त्याच्या यंत्राएवढीच होती.

दरवर्षी तो कापणीला सुरुवात करायचा ती ताईच्या शेतापासून. हा त्याचा नेम. पण मागच्या हंगामात आभाळ भरून आलं, शेजारच्या मळ्याच्या मालकानं घाई केली आणि तो आधी तिकडे गेला. मालकाच्या शेतात घरजावई ठाण मांडून होता. तिथून परक्या शेतात जायचं असतं, तर त्यानं यंत्र आतून झाडून अडकलेलं बी काढलं असतं, कारण परकी माणसं वाकून बघतात. तो निघाला होता ताईकडे. "अरे, आतून झाडून तरी घे," असं ती म्हणालीही होती.

"ताई, घरचंच तर शेत आहे! आभाळ बघ, आभाळ!" असं म्हणून त्यानं यंत्र तसंच आत घातलं होतं. पाऊस काही त्या दिवशी आला नाही.

"मीच आणलं," तो आता म्हणाला. 

"ठाऊक आहे मला," ताई म्हणाली. "पहिली ओंबी दिसली तेव्हाच कळलं. वाटलं, उपटून संपेल. तुझं तोंड कशाला पाडायचं?"

त्यापेक्षा तिनं चारचौघांत कानाखाली मारली असती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

"तिप्पट मारू!" भावोजी हट्टाला पेटले.

"मारा. गहू मरेल, हे राहील," बाई म्हणाल्या. मग त्यांचा आवाज खाली आला. "बी अजून भरलेलं नाही. ते एकदा जमिनीत सांडलं की पुढची कित्येक वर्षं गेली. गहू हिरवाच कापा. सगळा."

"सगळा?" भावोजींनी शेतभर नजर फिरवली.

 ताई घरात गेली आणि विळे घेऊन आली.

हिरव्या पिकाला हार्वेस्टर चालत नाही. बहीण, भाऊ आणि भावोजी वाकून कापत राहिले. दुधात आलेल्या ओंब्या गवतासकट जनावरांच्या चाऱ्यात गेल्या. बियाणं सांगून ठेवायला आलेल्यांना ताईनं बांधावरूनच परतवलं. "यंदा नाही. माझ्याकडचं पेरू नका," हे शब्द ती आयुष्यात पहिल्यांदा बोलत होती. भावानं मान वर केली नाही.

त्यानंतर तो प्रत्येक शेताच्या बांधावर यंत्र थांबवून आतून झाडू लागला. हंगामाच्या घाईत लोक कावायचे. मळ्याचा मालक तर म्हणाला, "यंत्र आहे का नवरी? किती नटवतोस!"

"तुमचं शेत सगळ्यात शेवटी, मालक. आणि पुढच्या वर्षी पीक बदला, औषध बदला. नाहीतर दुसरा हार्वेस्टर बघा."

वाचकहो, औषध जास्त ओतलं म्हणून असं तण मरत नाही. पिकाची पाळी बदलावी लागते, औषध बदलावं लागतं, वेळेवर खुरपावं लागतं आणि एका शेतातली घाण दुसऱ्यात न्यायची नसते. परक्याकडे जाताना आपण काळजी घेतो आणि आपल्या माणसाकडे जाताना 'चालतंय' म्हणतो. हा आळस आहे, त्याला माया म्हणू नका!

पुढच्या हंगामात ताईनं गहू पेरलाच नाही, हरभरा लावला. काढणीच्या वेळी भाऊ झाडलेलं यंत्र घेऊन फाटकाशी आला. तिनं हात वर करून त्याला थांबवलं. "बंद कर."

त्यानं यंत्र बंद केलं. तिनं बाजूचं झाकण उघडलं, हात खांद्यापर्यंत आत घातला, कोपरे चाचपले आणि तळवा उजेडात धरून बघितला. नुसती धूळ होती.

"ये आत," ती म्हणाली.

आजवर तिनं त्याचं यंत्र कधी तपासलं नव्हतं.