सलूनच्या दारातला हेदर

मी एक जुना हेदर आहे, मित्रांनो, थंड मुलखातलं एक फुलझुडूप. उंची म्हणाल तर तुमच्या गुडघ्याएवढी, पण तोरा विचारू नका! थंडीत बाकीची बाग बोडकी होते, तेव्हा मी हिरवागार असतो, आणि वर गुलाबी फुलांचे घोस मिरवतो.

एका सलूनच्या पायरीजवळ माझी जागा. मागच्या दोन खोल्यांत सलूनवाले काका आणि काकू राहतात. काकूंनी मला आणलं तेव्हा मी ओंजळीत मावत होतो. चुना मला सोसत नाही, म्हणून चुन्याच्या भिंतीपासून लांब, आंबटसर मातीत त्यांनी मला लावलं. फुलं सरली की त्या दरवर्षी माझे हिरवे शेंडे तेवढे छाटायच्या. लेक सासरी गेल्यापासून सकाळचा चहा घ्यायला त्या माझ्याजवळच बसायच्या. काका तेव्हा दुकान झाडत असायचे.

मग काकू लेकीच्या बाळंतपणाला गेल्या. त्या येईपर्यंत दार चकाचक करायचं काकांच्या मनात आलं. कात्री घेऊन ते माझ्यापुढे बसले. "चांगला बारीक करतो तुला. केस काय नि पाला काय, कापला की वाढतोच!"

अहो, कुठला वाढतोय! एक बाजू त्यांनी पार तपकिरी लाकडापर्यंत भादरली. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं म्हणून दुसरी वाचली. माझ्या जुन्या लाकडाला फूट येत नाही, हे त्या भल्या माणसाला कुठून ठाऊक? रोज पाणी घालून ते विनवायचे, "फूट की रे! तिला काय तोंड दाखवू?" एकदा तर डोक्याला मालिश करावी तसं माझं खोड चोळलं. मला हसूही येई आणि रडूही.

काकू आल्या आणि फाटकातच थबकल्या.

"अहो, काय केलंत हे!"

"अगं, जरा बारीक..."

"ते काय गिऱ्हाइकाचं डोकं आहे? आता सकाळी मी कुणाजवळ बसू?"

शेजारीण म्हणाली, उपटून टाका. काकूंनी मात्र मला मुळासकट काढून खोल खड्ड्यात उतरवलं आणि उरलेले हिरवे शेंडे तेवढे मातीबाहेर ठेवले. माती लोटता लोटता काकांनी घाबरत विचारलं, "पुरतेस की काय त्याला?"

"जगवतेय."

मला वाटलं, संपलं सगळं. पण वर्षभरात माझ्या पुरलेल्या प्रत्येक फांदीला मुळं फुटली. काकूंनी त्या फांद्या वेगळ्या करून लावल्या. एक रोप लेकीच्या अंगणात गेलं, बाकीचे आम्ही पायरीशी ओळीत आहोत. खोड गेलं, पण मी आहेच.

मित्रांनो, आमच्यावर माया करा, पण कात्री उचलण्याआधी आमची रीत विचारा. काका आता विचारतात. यंदाची फुलं सरली तेव्हा कात्री घेऊन ते माझ्यापुढे उकिडवे बसले आणि गिऱ्हाइकाला विचारावं तसं म्हणाले, "किती ठेवू?"

काकू पायरीवरून म्हणाल्या, "शेंडे तेवढेच घ्या. आणि आधी इथे बसा, तुमचा चहा गार होतोय."