दुमडलेलं टोक

फ्रीजनं एकदम घरघर सुरू केली आणि दुपारभर मुकं बसलेलं घर दचकलं. लाइट आली होती. माया निवडायची मेथी ताटात तशीच टाकून उठली आणि ओले हात गाऊनला पुसत कॉम्प्युटरच्या टेबलाकडे गेली.

"आगं, आधी मोटार लाव," स्वयंपाकघरातून सासूबाई, मुक्ताबाई, म्हणाल्या. "टाकी कोरडी हाय. तुझं ते मीटर कुठं पळून चाललंय?"

मायानं मोटारीचं बटण दाबलं. मुक्ताबाई ज्याला मीटर म्हणत, ते तिनं स्वतः जोडलेलं, काडेपेटीएवढं कार्ड होतं. वर दोन लाल आकड्यांची जागा. कॉम्प्युटर उठताना आतल्या आत एकेक भाग तपासत जातो आणि दर टप्प्याला एक आकडा सांगतो, पण तो एरवी कुणाला दिसत नाही. हे कार्ड तो दाखवणार होतं. आकडा जिथं अडकेल, तिथं दुखणं.

दुखणं सुरू झालं ते वाळूजच्या कंपनीच्या परीक्षेच्या दिवशीच. घरूनच द्यायची ऑनलाइन परीक्षा. पास झाली तर नोकरी, आणि मग बिऱ्हाड संभाजीनगरला. त्या सकाळी पंखे फिरत राहिले, पडदा काळाच राहिला. तिचा नवरा नवनाथ केजला कुरियरच्या ऑफिसात कामाला. जाताना तो कॉम्प्युटरचा डबा गाडीवर बांधून घेऊन गेला आणि संध्याकाळी उतरल्या तोंडानं परत आला. त्यानं सांगितलं, दुकानदारानं मेमरीसुद्धा बदलून पाहिली, म्हणाला, बोर्डच गेलाय. त्या रात्री ती जेवली नाही, तेव्हा त्यानं संत्रं सोललं, एकेक फोडीच्या शिरा काढल्या आणि तिच्या हातावर ठेवलं.

कंपनीनं तिला पुन्हा तारीख दिली होती, येत्या सोमवारची. गावच्या शाळेतला कॉम्प्युटर सरांनी मधल्या सुट्टीपुरता वापरू दिला, कार्डाची चाचणी घ्यायला. तिथं आकडे सरसर पळून बरोबर शेवटाला पोचले. पण दिवसभराच्या परीक्षेला तो कोण देणार?

कार्डाचे सुटे भाग नवनाथनंच आणले, पार्सलानं मागवून. ती सोल्डर करताना मोबाइलचा टॉर्चही त्यानंच धरला. ऑफिसात सांगत सुटला होता, आमच्या घरात डॉक्टरीण हाय, कॉम्प्युटरची. पार्सलं फोडायचा मान लेकीचा, आरोहीचा, म्हणून घरी आणताना तो त्यांवर नवी टेप लावी आणि टेपचं टोक आठवणीनं दुमडून ठेवी. पोरीला नखानं खरवडत बसायला नको.

मायानं कार्ड बोर्डावरच्या पिनांत बसवलं आणि बटण दाबलं. लाल आकडे उजळले, पळाले, पळता पळता थांबले. पंचावन्न.

तिनं मोबाइलवर अर्थ शोधला. मेमरी बसवलेली नाही.

पण मेमरीची हिरवी पट्टी समोर दिसत होती, आपल्या जागेत ताठ उभी. तिनं बंद करून पुन्हा चालू केलं. पंचावन्न. म्हणजे कार्डच चुकलं.

"काय म्हणतंय मीटर?" मुक्ताबाई दारात आल्या. "आमच्या लाइटच्या मीटरवर बी आकडे पळतेत. ते कुणी कौतुकानं बघत न्हाई."

माया हसली नाही. केजला बदलून पाहिली, असं ऐकल्यापासून त्या पट्टीला तिनं हात लावला नव्हता. आता दोन्ही बाजूंचे खटके दाबून तिनं ती उपसली आणि खिडकीच्या उजेडात धरली. खालचे सोनेरी दात चमकत होते. जरा जास्तच चमकत होते.

तिनं बोट फिरवलं. टेप होती. पारदर्शक, दातांच्या रुंदीची, कात्रीनं सरळ रेषेत कापलेली. एका बाजूला टोक दुमडलेलं.

"मी काढते," टेबलाशी आलेली आरोही म्हणाली आणि चिमटीत धरून तिनं ती अलगद ओढली. एका झटक्यात निघाली. "पप्पा लावतेत तशीच हाय."

माया खुर्चीवर बसली. दिवाळीची साफसफाई करताना तिनंच त्याला ही पट्टी काढून दाखवली होती. हे दात झाकले ना, की कॉम्प्युटरला वाटतं घरात कुणीच नाही. त्यानं हसत खोडरबर मागून घेतलं होतं आणि स्वतः घासून दिले होते.

सोल्डर करतानाचा तो टॉर्च तिला आठवला. त्याचा हात एकदाही हलला नव्हता.

"बसव की मम्मी," आरोहीनं तिला हलवलं. तिनं पट्टी परत बसवली, खटके लागेपर्यंत दाबली. बटण आरोहीनंच दाबलं. आकडे पळाले, पंचावन्न ओलांडून पुढं गेले. पडदा उजळला. त्यावर तिघांचा फोटो होता, आरोही नवनाथच्या खांद्यावर बसलेली.

"उठलं का? माझी बाई ती," मुक्ताबाई म्हणाल्या आणि टाकी भरून वाहतेय म्हणत मोटार बंद करायला वळल्या.

टेबलावरचा फोन वाजला. नवनाथचा. येताना काय आणू, असं विचारायला तो रोज करी तसा. मायाचा हात उचलला गेला नाही. आरोहीनं झडप घातली.

"पप्पा, मम्मीचं मीटर चाललं. कॉम्प्युटर चालू झाला. आत टेप होती, मी काढली."

बोलून झाल्यावर ती कौतुकाची वाट बघत राहिली. मग फोन कानावरून काढून तिनं पाहिला. तो कटलेला नव्हता. तिनं पुन्हा कानाला लावला.

"मम्मी, गाड्यांचा आवाज येतोय, पण पप्पा बोलंनात," ती म्हणाली. "कावून गं?"