भागीचा डबा

भरडखोलच्या कोळीवाड्यात भागी म्हणजे काय ते कुणालाही विचारा, दोन वाक्यांत सांगेल. एकाची होडी, दुसऱ्याचं जाळं, आणि दर्या देईल त्यात दोघांचा वाटा. कागद नाही, सही नाही. मधे भांडण झालं तर तोंडं फिरवून बसायचं, पण एकाच होडीत बसायचं. भागी मोडायची ती हंगाम संपून होडी वर ओढल्यावर. भर हंगामात जाळं उचलून नेणाऱ्याला या किनाऱ्यावर पुन्हा भागीदार मिळत नाही, आणि म्हणे मुलगीही देत नाहीत. मुलीचं खरंखोटं कुणी तपासलेलं नाही, जाळ्याचं मात्र खरं आहे.

अनंताच्या लेकीने, रचनाने, हाच कायदा कॉम्प्युटरला लावला आणि तिथेच ती फसली.

रचना आई नीराबाईबरोबर बोर्लीच्या बाजारात सुकी मासळी विकायची आणि उरलेल्या वेळात फोनवर बंदुकांचा खेळ खेळायची. तिची मैत्रीण क्रांती बोर्लीपलीकडच्या गावची, भातशेती करणाऱ्या घरातली. कॉलेजात दोघी एका बाकावर बसल्या, आणि त्या बाकावर पुस्तकं कमी, फोन जास्त उघडले गेले. खेळात दोघींचं मिळून एकच नाव होतं, कोळंबीभात. कोळंबी रचनाची, भात क्रांतीचा. हे नाव नोंदवताना मेल क्रांतीचा दिला, कारण रचनाला स्वतःच्या मेलचा पासवर्ड जन्मात आठवत नसे.

फोनवर खेळून पुढे जाता येत नाही हे दोघींना कळून चुकलं, तेव्हा कॉम्प्युटर घ्यायचं ठरलं. तयार घेतला तर महाग, म्हणून सुटे पार्ट निवडून जोडायचा. मासेमारी बंद असते ते दोन महिने दोघी रचनाच्या पडवीत बसून पार्टच निवडत होत्या. शेजारी नीराबाई सुक्या कोळंबीचे सोडे निवडत बसलेली असायची.

"तुमचं अजून निवडून झालं न्हाय?" ती म्हणायची. "माझी आख्खी पाटी झाली."

रचनाचा जीव काचेच्या डब्यावर आणि त्यातल्या रंगीत दिव्यांवर. क्रांती व्यवहारी. "दिवे खेळत न्हाईत गो, चित्र दाखवणारं कार्ड खेळतं," ती म्हणायची. अंथरूण पाहून पाय पसरायचे तर पाय पोटाशीच घ्यावे लागतात, तसं चाललं होतं. कार्ड चांगलं घ्यावं तर मेमरी कमी पडे, मेमरी वाढवावी तर वीजपुरवठ्याचा ठोकळा हलका घ्यावा लागे. त्या ठोकळ्यावर मात्र रचनाने हट्ट धरला. इथली वीज कशी नाचते ते तिला माहीत होतं, घरचे दोन पंखे त्यातच गेले होते.

मॉनिटरवरून तर तीन दिवस वाजलं.

"घरात टीव्ही हाय की," रचना म्हणाली.

"टीव्हीवर शत्रू दिसेस्तोवर आपण मेलेलो असू. याच्यावर सेकंदात एकशे पासष्ट वेळा चित्र बदलतं. बोर्लीच्या दुकानात लावून दाखवते चल."

दुकानात दोन मॉनिटर शेजारी शेजारी लावून बघितल्यावर रचनाचं तोंड बंद झालं. चोवीस इंची मॉनिटर ठरला.

शेवटी प्रोसेसर राहिला. एकच नग, दोन तऱ्हेचा. एकाच्या नावाच्या शेवटी एफ हे अक्षर, दुसऱ्याच्या नाही. एफवाला स्वस्त होता.

"एफवाला घे," क्रांती म्हणाली. "त्याच्यात स्वतःची चित्र दाखवायची सोय नसते, म्हणून स्वस्त. आपल्याला काय करायचंय? चित्र दाखवायला कार्ड हायच की."

"आणि कार्ड बिघडलं तर?"

"लग्नाआधी काडीमोडाचं बोलू नको गं."

रचना हसली. मग तिनेच वाटणी सांगितली. डबा आणि त्यातलं बाकी सगळं तिचं, कार्ड आणि मॉनिटर क्रांतीचा. "होडी माझी, जाळं तुझं," ती म्हणाली. पडवीत जाळं शिवत बसलेल्या अनंताने मान वर करून क्रांतीला विचारलं, "भागी ठावं हाय ना, पोरी?" क्रांती म्हणाली, "व्हय काका."

भरडखोलात इंटरनेट चांगलं, म्हणून डबा रचनाच्या घरी लागला. खाऱ्या हवेने आतलं तांबं हिरवं पडू नये म्हणून रचनाने आईच्या जुन्या सुती लुगड्याचा तुकडा डब्याच्या जाळीवर ताणून बसवला. नारळी पौर्णिमेला नव्या होडीची करतात तशी नीराबाईने डब्याची पूजा केली. हळदकुंकू लावलं, नारळ ठेवला आणि म्हणाली, "दोघी भागीच्या नारळावर हात ठेवा गो." दोघींनी ठेवला. मॉनिटर उजळला आणि नीराबाई तोंडावर हात ठेवून म्हणाली, "बाय माझे, दर्यापेक्षा निळा!"

गणपती झाल्यावर क्रांतीला पनवेलला कुरियरच्या ऑफिसात नोकरी लागली. ती शनिवारी यायची, नीराबाईच्या हातचं कालवण भुरकायची, रविवारी दुपारपर्यंत खेळायची आणि जायची. रचना रोज खेळत होती आणि तिचा हात बसत गेला. माऊस किती हलवला की बंदूक किती वळावी याचा एक आकडा असतो, ज्याचा त्याला आपापला शोधावा लागतो. तो तिला सापडला आणि कोळंबीभात वर चढू लागलं. हरणं कमी झालं. ओळखीपाळखीच्या नसलेल्या मुली विचारू लागल्या, कोण गं ही?

मग मुंबईतल्या एका मुलींच्या टीमचा निरोप आला. एक जागा आहे, रविवारी चाचणी. घरून खेळायचं, महिन्याला पगार. निरोप क्रांतीच्या मेलवर आला आणि तिने फोन करून सांगितला.

"तू खेळ. तुझाच हात चांगला हाय."

रचनाला रडूच फुटलं. भरडखोल न सोडता, पाटी डोक्यावर न घेता पगार! आईबरोबर बाजारात बसायची तिला लाज नव्हती, पण आईची मान कशी दुखते ते ती बघत होती.

"रविवारच्या आधी संकष्टी येते," क्रांती पुढे म्हणाली. "मावशीला घेऊन पालीला जाऊन ये. बल्लाळेश्वराला सांगून मग बस खेळायला."

मायलेकी पहाटेची एसटी धरून गेल्या. देवळात रांगेत उभं राहून रचनाने हात जोडले ते दोघींसाठी, आणि येताना क्रांतीसाठी वेगळे पेढे घेतले.

घरी आली तर टेबलावर डबा होता, मॉनिटर नव्हता.

"क्रांती येऊन गेली," अनंता म्हणाला. "मॉनिटरवर रेष येते म्हणाली, दाखवायला नेते. डब्यातलं ते दोन पंख्यांचं कार्ड पण काढलं. मीच तुझ्या गोधडीत बांधून रिक्षात ठेवून दिलं, धक्का लागू नये म्हणून."

मॉनिटरवर कधी रेष आली नव्हती. रचनाने फोन लावला, लागला नाही. तरी तिने स्वतःची समजूत घातली, की आली असेल रेष, आपल्याला दिसली नसेल. आपल्या माणसाबद्दल वाईट मनात आणायला वेळ लागतो. तिने डबा उचलून टीव्हीजवळ नेला, वायर जोडली आणि बटण दाबलं. पंखे फिरले, दिवे लागले. आत बोर्डावर एक छोटा पांढरा दिवा लागला आणि तसाच राहिला. टीव्ही काळा. वायर काढून पुन्हा लावली, तरी काळाच.

मग तिला ते एफ अक्षर आठवलं. कार्ड नसेल तर हा प्रोसेसर चित्रच दाखवत नाही. डब्यात सगळं होतं, सगळं चालू होतं आणि सगळं आंधळं होतं. ती तिथेच जमिनीवर बसली.

दुसऱ्या दिवशी फोन लागला.

"मॉनिटरला रेष न्हवती," रचना म्हणाली.

"न्हवती." क्रांतीने आढेवेढे घेतले नाहीत. "मी रूमवर आणलाय. इथं डबा घेतलाय मी, दिवाळीतच. कार्ड आणि मॉनिटर तेवढे न्हवते."

दिवाळीपासून दर शनिवारी ही बाई आमच्या पानावर जेवली, हे रचनाच्या डोक्यात आलं.

"आपली भागी हुती, क्रांती. हंगाम चालू असताना जाळं न्यायचं नसतं."

"ते तुमच्यात. आम्ही भाताची माणसं, आमच्यात बांध असतो. बांधाच्या इकडचं माझं, तिकडचं तुझं. कार्ड माझं, मॉनिटर माझा. तुझ्या डब्यातल्या दुसऱ्या कशाला हात लावला का मी?"

"मग नारळावर कशाला हात लावलास?"

"मावशी म्हणाल्या म्हणून."

"आणि चाचणी?"

"माझ्या मेलवर हाय ना."

रचनाने फोन कानाशी धरून डोळे मिटले. बाहेर अनंता ऐकत उभा होता, हे तिला माहीत होतं.

"एक सांग. मला एफवाला घ्यायला लावलास, तेव्हाच ठरलेलं का तुझं?"

"न्हाय! आईशप्पथ न्हाय." क्रांतीचा आवाज पहिल्यांदा हलला. "तेव्हा असलं कायच न्हवतं गं."

"मग कधी?"

पलीकडे क्रांतीने खिडकी लावून घेतली, रिक्षांचे भोंगे थांबले.

"तू जिंकायला लागलीस तेव्हा," क्रांती म्हणाली.

ठरवून फसवलं असतं तर रचनाने चार शिव्या हासडून विषय संपवला असता. पण मैत्रीण खरीच होती, पूजा खरी होती, आणि आपण चांगलं खेळलो म्हणून ती गेली, हे कुठे ठेवायचं ते तिला कळेना.

अनंता त्या दिवशी जेवला नाही. "माझ्या हातानं बांधून दिलं," एवढंच तो घोकत राहिला. क्रांतीच्या बापाकडे जातो म्हणाला तेव्हा रचनाने अडवलं. बाप बांधाचीच गोष्ट सांगेल, दुसरं काय सांगणार होता? टीमला कळवावं तर नाव, मेल, निरोप सगळं क्रांतीचं. आपण कोण, तर भरडखोलची एक मुलगी, जिच्याकडे एक आंधळा डबा आहे.

रविवारी सकाळी ती आईबरोबर बांबूंवर बोंबील टांगत होती. चाचणीची वेळ जवळ आली तसं तिने फोनकडे बघायचं नाही असं ठरवलं, आणि तेवढ्यात फोन वाजला. क्रांती.

"रचना, ठेवू नको. माझा हातच बसत न्हाय, बंदूक कुठच्या कुठे जाते." ती रडकुंडीला आली होती. "तुझा आकडा सांग. तेवढाच. थोड्या वेळात सुरू होणार हाय."

रचनाच्या हातात बोंबलाची जोडी तशीच राहिली. तोंड बघा हिचं! घर लुटून न्यायचं आणि वर किल्ली मागायला यायचं. एक आकडा इकडचा तिकडे सांगितला असता तर क्रांतीची बंदूक आभाळात फिरली असती. तसा खोटा सांगावासा वाटला, खूप वाटला. पण भर दर्यात कुणी दोरी मागितली तर वैऱ्यालाही द्यायची आणि सडकी द्यायची नाही, हे ती लहानपणापासून ऐकत आली होती. होडीजाळ्याची भागी मोडली तरी ही दोरीची भागी कुणाला मोडता येत नाही.

"माऊसवर आठशे," ती म्हणाली. "खेळात शून्य पॉइंट पस्तीस."

"एवढा कमी?"

"व्हय."

"खरं सांगतेस ना?"

"खरं."

"न्हाय गं," क्रांती हळूच म्हणाली. "तू मुद्दाम सांगतेस. मी पण हेच केलं असतं." आणि तिने फोन ठेवला.

दुपारी कळलं, जागा नाशिकच्या कुणा मुलीला गेली. कोळंबीभात पहिल्याच फेरीत बाद झालं होतं. रचनाला आनंद होईल असं वाटलं होतं, तो झाला नाही. उलट इतके दिवस अडलेलं रडं आता आलं. मॉनिटर नेला, कार्ड नेलं, चाचणी नेली, ते सगळं तिने कोरड्या डोळ्यांनी सोसलं होतं. पण चोराने आपल्यालाच चोर समजावं हे तिला सोसेना.

नीराबाई हात पुसत आली आणि लेकीजवळ टेकली. हकिगत ऐकून तिच्या चेहऱ्यावर जरा उजेड आला.

"खोटा आकडा सांगितलास का गो तिला? बरा सांगितलास."

"न्हाय आई," रचना हुंदके देत म्हणाली. "खराच सांगितलेला. तिनं घेतला न्हाय."