जहांगीरची लाँच बाणकोटला

लाँच पाण्यात उतरून आठवडा झाला, तरी जहांगीरला चैन नव्हती. सव गावच्या खाडीकाठी तो दिवसभर येरझाऱ्या घालायचा. दोर सैल वाटला की आवळायचा, आवळलेला वाटला की सैल करायचा.

बहारीनच्या बोटयार्डात उमर घालवून तो परत आला, तेव्हा हलिमाला वाटलं होतं, आता नवरा घरात टिकेल. पण थोड्याच दिवसांत मुंबईला भंगारात निघालेली एक लाकडी मोटार-यॉट तो भावाच्या ट्रेलरवर घालून घेऊन आला. हीच ती लाँच, मूळची कुणा शेठची हौसेची बोट. दुसऱ्या महायुद्धात सरकारने ती ताब्यात घेतली, पुढच्या टोकावर मशीनगन बसवली आणि बंदरात पहाऱ्याला लावली. जहांगीरचे आजोबा, कासमबाबा, तिच्या इंजिनवर होते. दिवे मालवून फिरायचं, इंजिन थंड होऊ द्यायचं नाही, असा हुकूम. लढाई संपून ते गावी आले, तरी जरा खुट्ट झालं की ताडकन उठून उभे राहत.

जहांगीरने कुजलेल्या फळ्या काढून सागाच्या बसवल्या, सांध्यांत कापूस ठासून राळ भरली. वरचा पांढरा रंग खरवडताना खालून लढाईतला राखाडी निघाला.

"झाली ना मनासारखी?" हलिमाने विचारलं. "मग आता कसली घालमेल?"

"बाणकोटपर्यंत नेऊन बघतो. नीट चालली तर गोव्याला नेईन. तिकडे पर्यटकांना अशा बोटी लागतात."

"म्हणजे परत जाणार."

तो दोर आवळायला वाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओहोटी लागताच तो निघाला. सोबतीला खाडीचा माहीतगार भागोजी. दोर सोडणार, इतक्यात हलिमा डबा घेऊन आली आणि सरळ बोटीत चढली.

"तू कुठे गो?"

"तुमच्यासंगं."

दासगाव मागे पडतंय तोच बोट गाळात रुतली. भागोजीने बांबूने पाणी चाचपलं. "उतरतंय. आता भरती येईस्तोवर बसा गप," म्हणाला आणि टोपी तोंडावर घेऊन आडवा झाला.

जहांगीर पुढून मागे, मागून पुढे फिरू लागला.

"बसा की जरा."

"बसवत नाय गो. घरी असलो की बहारीनची ओढ, तिकडे गेलो की घरची. जन्म यातच गेला."

"आणि मला ओढ नव्हती?" हलिमाचा आवाज चढला. "तुम्हाला महाडच्या स्टँडवर सोडून परत फिरायचे, तेव्हा दर खेपेला वाटायचं, समोर दिसेल त्या एसटीत चढावं. जाईल तिथे जावं. पोरं लहान, सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. चढले नाय. तुम्ही एकदा तरी विचारलंत, येतेस का म्हणून?"

जहांगीर जागीच थांबला. "मला वाटायचं, तुला घर सोडवत नाय."

"तुम्हाला बरं पडायचं तसं वाटून घ्यायला."

जहांगीर तिच्याशेजारी टेकला. दोघंही चिखलातून चालणाऱ्या बगळ्यांकडे बघत राहिली.

दुपारी भरतीने बोट उचलली. आंबेतचा पूल मागे गेला, खाडी रुंदावत गेली, आणि दिवस कलताना बाणकोटचा किल्ला दिसला. त्याच्या पुढे उघडा समुद्र. पहिली लाट आदळताच फळ्या करकरल्या. हलिमाने कठडा धरून ओकारी काढली.

"पुरे झालं," म्हणत जहांगीरने सुकाणू वळवायला घेतलं.

"थांबा." हलिमाने पदराने तोंड पुसलं. तिचे डोळे पाण्यावरून हलत नव्हते. "थोडं पुढे न्या."

"अगो, तुला सोसत नाय."

"सोसेल."

"भाभी, परतताना अंधार होईल," भागोजी कुरकुरला.

"मग बाणकोटात राहू. आता कोण वाट बघतंय घरी?"

जहांगीरने भागोजीकडे पाहिलं. भागोजीने खांदे उडवले. इंजिनाचा आवाज वाढला. पुढची लाट मोठी होती, आणि हलिमा ती नीट दिसावी म्हणून कठड्याला धरत धरत पुढच्या टोकाशी गेली.