पनवेलच्या कोट्यातली सीट

बुधवारी प्रीती घरूनच काम करायची. बाकीचे दिवस तिला डोंबिवलीहून कोलशेतच्या ऑफिसात जावं लागे, म्हणून बाबुरावांना बुधवार आवडायचा. त्यांची बायको मंजुळा जाऊन आठ महिने झाले होते. लेक घरात असली की ते तिच्या टेबलाजवळ खुर्ची ओढून भाजी निवडत बसत. बोलणं कमीच. पण घरात कीबोर्डची टकटक ऐकू येत राहायची, तेवढं त्यांना पुरे होतं.

त्या दिवशी साडेअकराच्या सुमारास टकटक थांबली.

"अरे यार!" प्रीती म्हणाली आणि दोन्ही हात डोक्यावर ठेवून बसली.

"काय झालं गं?"

"काही नाही बाबा. तुम्ही निवडा मेथी."

बाबुरावांनी दोन काड्या निवडल्या. "मला कळणार नाही म्हणून सांगत नाहीस, की सांगायला वेळ नाही म्हणून?"

प्रीतीला हसू आलं. मग तिने सांगितलं. कल्याणच्या एका पॅथॉलॉजी लॅबचे सगळे रिपोर्ट उद्यापासून तिच्या कंपनीच्या सिस्टीमवर चालणार होते. ती सिस्टीम प्रीतीने सहा महिने खपून उभी केली होती. त्यासाठी एका मोठ्या कंपनीचे सर्व्हर भाड्याने घ्यायचे. रोजच्या रोज घेतले तर महाग. वर्षभरासाठी आरक्षण केलं तर जवळपास निम्म्या दरात. तिच्या ऑफिसातल्या केदार सरांनी लॅबवाल्यांना भाव सांगितला होता तो आरक्षणाचा दर धरून.

"मग कर की आरक्षण."

"तेच तर होत नाहीये! मला अठ्ठावीस पाहिजेत. वीस झाले आणि पुढे एकही घेऊ देत नाही. म्हणे, महिन्याची मर्यादा संपली. ती आता एक तारखेला नवी सुरू होणार, आणि आज एकोणीस. मर्यादा वाढवा म्हणून अर्ज करता येतो, पण त्याला किती दिवस लागतील कुणाला माहीत. सर म्हणालेत, दोनच्या मीटिंगपर्यंत झालं नाही तर हे काम दर्शनकडे देतो."

"दर्शन म्हणजे तो, चहा पिऊन कप तुझ्या टेबलावर ठेवणारा?"

"तोच."

बाबुरावांनी मेथी बाजूला ठेवली. एकतीस वर्षं त्यांनी एसटीत काढली होती, त्यातली बावीस ठाण्याच्या खोपट स्टँडवर, आरक्षणाच्या खिडकीत. "हा तर कोटा झाला," ते म्हणाले. "आमच्या तक्त्यावरही असाच असायचा. महाड गाडीला खोपटच्या एवढ्या सीटा, पनवेलच्या एवढ्या, पेणच्या एवढ्या. खोपटच्या भरल्या म्हणजे गाडी भरली असं नाही. तुझे वीस कुठल्या थांब्याचे आहेत?"

"थांबे नसतात बाबा. ते पूर्ण मुंबई विभागासाठी..." बोलता बोलता प्रीती थांबली. तिने ते नियमांचं पान पुन्हा उघडलं आणि ओठ हलवत वाचलं. "एक मिनिट. मुंबईत त्यांची तीन केंद्रं आहेत. विभागाचे वीस वेगळे. आणि एखाद्या केंद्राच्या नावाने घेतले तर प्रत्येक केंद्राचे आणखी वीस." ती खुर्चीवरून उठलीच. "बाबा! आहेत जागा!"

लगेच बसून तिने यादीतलं पहिलं केंद्र निवडलं, आठ आकडा टाकला, आणि हात बटणाकडे गेला.

"थांब," बाबुराव म्हणाले. "प्रवासी कुठे उभा आहे?"

"काय?"

"तुझे हे आठ आत्ता कुठल्या केंद्रात चालू आहेत? तू पनवेलची सीट घेशील आणि प्रवासी उभा राहील खोपटला. पैसे भरून पनवेलपर्यंत उभ्याने प्रवास."

प्रीतीने बघितलं. आठही सर्व्हर तिसऱ्या केंद्रात होते. पहिल्या केंद्राच्या नावाने आरक्षण केलं असतं तर वर्षभर त्या आरक्षणाचे पैसे गेले असते आणि ते आठ पूर्ण दरातच चालले असते. तिने पहिल्यावरची खूण काढली, तिसऱ्यावर केली, केंद्राचं नाव दोनदा वाचलं, बाबुरावांनाही वाचायला लावलं, आणि मग बटण दाबलं.

या वेळी कुणी अडवलं नाही. अठ्ठावीस झाले. बारा वाजून दहा मिनिटं झाली होती.

केदार सरांना कळवून झाल्यावर ती पुढच्या महिन्यासाठी मर्यादा वाढवण्याचा अर्ज भरू लागली. कारणाच्या रकान्यात अडली.

"लिही," बाबुराव म्हणाले, "प्रवाशांची गर्दी वाढल्याने जादा गाडी सोडण्यात यावी."

प्रीती इतकी हसली की शेजारच्या स्वप्नावहिनी दारातून डोकावून गेल्या. घरात असं हसणं बऱ्याच दिवसांनी झालं होतं.

जेवताना तिने विचारलं, "ती पनवेलची सीट म्हणजे आईचीच ना?"

"हो. वीस मार्चला चवदार तळ्यावर जायला आजीला घेऊन आली होती. खोपटचा कोटा संपलेला. मी पनवेलच्या कोट्यातल्या दोन दिल्या. दोघी खोपटला चढल्या आणि पनवेलपर्यंत उभ्या. त्यांच्या सीटवर दुसरीच माणसं बसलेली. परत आल्यावर खिडकीशी येऊन असली भांडली! म्हणाली, 'तिकीट ठाण्याचं घेता आणि बसायला पनवेलला बोलावता?' मागची रांग हसत होती."

"पण तुम्ही तर नेहमी म्हणायचात, मी सांगितलं होतं, तिनेच ऐकलं नाही. आई म्हणायची, एक शब्द बोलला नाहीत. किती वेळा भांडलात त्यावरून!"

बाबुरावांनी भाकरीचा तुकडा मोडला. भिंतीवर मंजुळेचा फोटो होता, निळ्या काठाच्या साडीतला. ते तिकडे बघत म्हणाले, "नव्हतं सांगितलं. रांग मोठी होती. आणि ती समोर आली तर मी जरा गडबडलो."

"बाबा! तीस वर्षं कबूल केलं नाहीत?"

"कबूल केलं असतं तर भांडण संपलं असतं ना."

प्रीतीने त्यांच्या ताटात आणखी थोडी मेथी वाढली. बाबुरावांनी ती सगळी खाल्ली, आणि बऱ्याच दिवसांनी आपणहून अर्धी भाकरी मागून घेतली.